पुरवठादाराचं बँक खातं बदलल्याचा मेल : अँटिव्हायरस पुरणार नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : भोसरीतलं वीसेक माणसांचं युनिट. नेहमीच्या स्टील पुरवठादाराच्या नावाने मेल आला, 'ऑडिटमुळे जुनं खातं बंद आहे, या बिलाचे पैसे नव्या खात्यात भरा.' अकाउंट्सच्या ताईंना शंका आली म्हणून पैसे वाचले. आता कोणता अँटिव्हायरस घ्यावा?

अँटिव्हायरस जरूर ठेवा, पण हा मेल त्याने अडला नसता, कारण त्यात व्हायरस नव्हताच. होती ती फक्त एक विनंती. मला जास्त काळजी वाटते ती तुम्ही ओघात लिहिलेल्या एका गोष्टीची : बिल नंबर आणि रक्कम दोन्ही बरोबर होते. याचा अर्थ तुमचा किंवा पुरवठादाराचा मेलबॉक्स कोणीतरी वाचत असण्याची दाट शक्यता आहे.

आधी पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. नावातल्या 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी लिहिले, तर इंग्रजी लहान लिपीत फरक कळत नाही. पत्ता खरोखर त्यांचाच असेल, तर बहुधा त्यांचा मेलबॉक्स फुटलाय. मग स्वतःचाही तपासा. जीमेलमध्ये सेटिंग्जमधलं 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर्स', आउटलुकमध्ये 'रूल्स' उघडा. 'इनव्हॉइस' शब्द असलेला प्रत्येक मेल अनोळखी पत्त्यावर पाठवायचा आणि इनबॉक्समधून गायब करायचा, असा नियम चोर लावून ठेवतात. नुसता पासवर्ड बदलून हा नियम जात नाही, तो हातानेच काढावा लागतो. मग सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, नवा पासवर्ड ठेवा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा) चालू करा. अकाउंट्सचा एकच आयडी चौघांत वापरायची पद्धत आपल्याकडे फार आहे. ती आजच बंद करा.

आता पैसे सोडायची पद्धत. खातं बदलल्याचा निरोप आला की जुन्या पर्चेस ऑर्डरवरच्या किंवा फोनमध्ये आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर मुळीच नाही, तो चोराचाच असतो. नवीन बेनिफिशियरी एकाने टाकायचा, दुसऱ्याने मंजूर करायचा. बँकेच्या नेट बँकिंगमध्ये याचीच, म्हणजे मेकर-चेकरची, सोय असते, ती मागून घ्या.

एनईएफटी-आरटीजीएसमध्ये पैसे खाते क्रमांकावर जातात, तुम्ही टाइप केलेल्या नावावर नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार एप्रिल 2025पासून बँकांनी पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय देणं अपेक्षित आहे. ती वापराच, पण नाव जुळलं म्हणून फोन टाळू नका. 2013 ते 2015 दरम्यान लिथुआनियातल्या एका माणसाने क्वांटा कॉम्प्युटर या तैवानी पुरवठादाराच्याच नावाची कंपनी लाटवियात नोंदवली, त्या नावाने खाती उघडली, आणि गूगल व फेसबुककडून 10 कोटी डॉलरहून जास्त रक्कम खोट्या बिलांवर काढली. तिथे नाव जुळतच होतं!

पैसे गेलेच, तर मीटिंग नंतर घ्या. तत्क्षणी 1930 ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा आणि बँकेलाही कळवा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता आली तरच परत मिळायची आशा. शिवाय 2022च्या निर्देशांनुसार असे सायबर प्रकार लक्षात आल्यापासून 6 तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. छोट्या युनिटमालकांना हे बहुतेकदा माहीतच नसतं.

आणि त्या ताईंचं सगळ्यांसमोर कौतुक करा. 'साहेबांचा अर्जंट मेल आहे' म्हणून घाबरून पैसे सोडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडा खाऊन तसा झालेला असतो. खातरजमा करण्यात पेमेंटला एक दिवस उशीर झाला तरी कोणी बोलणार नाही, हे मालकाने स्वतः सांगायला हवं.

त्या पुरवठादाराला मात्र आजच फोन करा. मेलबॉक्स त्यांचा फुटला असेल, तर त्यांच्या बाकीच्या गिऱ्हाइकांनाही हाच मेल गेला असेल, आणि त्यातल्या कोणाचं तरी पेमेंट उद्या-परवा निघणार असेल.