पंखाला बिजागरी कशासाठी?

सप्रेम नमस्कार,

आपली मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे, अमेरिकी नौदलाच्या ‘क्रूसेडर’ या जुन्या लढाऊ विमानाने तिला झपाटले आहे आणि तिने एरोस्पेस घ्यावे की मेकॅनिकल, असे आपण विचारले आहे. सोबतच्या छायाचित्रातले थर्माकोलचे विमान मी बराच वेळ न्याहाळत होतो. त्याचा पंख तिने मागच्या कडेला कपाटाच्या लहान बिजागरीवर बसवला आहे.

1952 मध्ये अमेरिकी नौदलाने ध्वनीपेक्षा वेगवान, तरीही विमानवाहू नौकेवर उतरू शकेल असे विमान मागितले. या दोन मागण्या परस्परांच्या मुळावर येणाऱ्या होत्या. वेगासाठी पंख पातळ हवा; पण असा पंख कमी वेगात पुरेशी उचल देत नाही, म्हणून उतरताना विमानाचे नाक बरेच वर धरावे लागते आणि ऐन वेळी वैमानिकाला समोरचा डेकच, म्हणजे नौकेवरची उतरण्याची जागाच, दिसेनाशी होते. व्हॉट या विमान कंपनीत रसेल क्लार्क यांच्या चमूने अख्खा पंखच मागे बिजागरीवर बसवून पुढून 7 अंश उचलण्याची सोय केली, त्यामुळे पंखाला हवा तो कोन मिळाला आणि धड जवळपास आडवे राहिले. 25 मार्च 1955 रोजी पहिल्याच उड्डाणात या विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला. तरीही नौकेवर उतरवायला ते अवघडच राहिले आणि अपघात पुष्कळ झाले. तिने हा भागही अवश्य वाचावा.

पंखावरून हवा कशी वाहते, हा एरोस्पेसचा विषय. तो भार बिजागरी कशी पेलते, हा मेकॅनिकलचा. विमान घडवायला दोन्हींची माणसे लागतात, म्हणून मेकॅनिकल घेतल्याने तिचे स्वप्न मोडेल ही भीती मला अनाठायी वाटते. जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून पवईच्या आयआयटीत एरोस्पेस मिळाले तर उत्तमच; नाही तर चांगल्या महाविद्यालयातून मेकॅनिकल करून ‘गेट’ या प्रवेश परीक्षेद्वारे एरोस्पेसमध्ये एम.टेक. करता येते.

असे काम आपल्याकडेही झाले आहे. आपल्या नौदलासाठीच्या ‘तेजस’ या लढाऊ विमानाचे नाक वैमानिकाला डेक दिसावा म्हणूनच खाली झुकवलेले आहे. गोव्यातील ‘हंसा’ तळावरच्या चाचण्यांनंतर 11 जानेवारी 2020 रोजी हे विमान ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू नौकेवर उतरले.

तूर्त तिला तिच्या बिजागरीवर किती भार येतो, हे वहीत मांडायला सांगा आणि त्या गणितात ती किती रमते, ते मला अवश्य कळवा.