वडिलांच्या पित्तातील खड्यांसाठी एकदाच वापरायचा स्कोप घ्यावा, की धुतलेला चालेल?

तुमच्या वडिलांच्या पोटात बाहेरून पित्ताची नळी टाकलेली आहे, त्याच वाटेने स्कोप (टोकाला कॅमेरा असलेली लवचिक नळी) घालून खडे फोडायचे ठरले आहे आणि रेडिओलॉजीच्या डॉक्टरांनी त्यासाठी एकदाच वापरायचा स्कोप लिहून दिला आहे. त्याची किंमत ऐकून घरचे हबकले आहेत, म्हणून दुसऱ्या रुग्णासाठी वापरलेला तसाच स्कोप धुऊन वापरण्याची विनंती करावी का, असे तुम्ही विचारले आहे. करू नका. यवतमाळ जिल्ह्यातील एका रुग्णालयात चौदा वर्षे स्कोप धुण्याची जबाबदारी माझ्याकडे होती, आणि नेमक्या याच गोष्टीवरून एका वरिष्ठ डॉक्टरांशी झालेला माझा वाद अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

धुऊन वापरलेला प्रत्येक स्कोप घाण असतो, असे विक्री प्रतिनिधी सांगत फिरतात, ते मला मुळीच मान्य नाही. जठर तपासणीचा स्कोप रुग्णाच्या तोंडातून बाहेर येताच पुसणे, गळती तपासणे, चॅनेलमधून, म्हणजे स्कोपच्या आतल्या पोकळ वाटेतून, ब्रश फिरवणे, मगच २.४ टक्के ग्लुटरालडिहाइड या जंतुनाशकात वीस मिनिटे बुडवणे, द्रावणाची ताकद पट्टीने रोज तपासणे, शेवटी गाळलेल्या पाण्याने धुऊन हवेने वाळवून उभा टांगणे, हे सगळे मी डोळे चुरचुरत असतानाही चुकवले नाही. उन्हाळ्यात टँकरचे पाणी यायचे, तेव्हा शेवटच्या धुण्यासाठीचे पाणी मी कुलूप लावून ठेवत असे. नीट धुतलेल्या स्कोपवर माझा पूर्ण विश्वास आहे.

परंतु तो स्कोप तोंडावाटे जठरात जातो आणि जठर मुळातच जंतुविरहित नसते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत स्कोप कातडीतून, यकृतातून किंवा थेट पित्ताशयात शिरणार आहे. अर्ल स्पॉल्डिंग यांनी उपकरणांची जी विभागणी करून दिली, तिच्याप्रमाणे शरीराच्या निर्जंतुक भागात जाणारी वस्तू नुसती रसायनात बुडवून भागत नाही, ती पूर्ण निर्जंतुक असावी लागते. ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाखालच्या वाफेची, उष्णता लवचिक स्कोपला सोसत नाही, म्हणून बहुधा इथिलीन ऑक्साइड वायू वापरावा लागतो आणि नंतर तो वायू उडून जायला आठ ते बारा तास द्यावे लागतात. मे महिन्यात वीज दिवसातून चारदा जाते तिथे हे चक्र मध्येच तुटते, आणि तुटले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. म्हणूनच या कामासाठी पाकिटातून निर्जंतुक निघणारा स्कोप मला आपल्या भागात चैन वाटत नाही.

आता तो प्रसंग सांगते. घाटंजी तालुक्यातील एक शेतकरी आमच्याकडे होते. त्यांचे हृदय इतके कमजोर होते की भूलतज्ज्ञांनी पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेला साफ नकार दिला. म्हणून सोनोग्राफीच्या मदतीने पित्ताशयात नळी टाकली, वाट पक्की होण्यासाठी पाच आठवडे थांबलो, मग ती वाट रुंद करून शीथमधून (वाट उघडी ठेवणाऱ्या पोकळ नळीतून) स्कोप आत नेला. सी-आर्मवर, म्हणजे चालू एक्स-रेच्या यंत्रावर, डाय टाकून दिसते ती केवळ सावली असते आणि त्या सावलीत खडा, हवेचा बुडबुडा व रक्ताची गुठळी सारखीच दिसू शकते. स्कोपच्या पडद्यावर मात्र तो काळसर खडा लेझरच्या प्रत्येक ठोक्यासरशी तडकताना आम्ही सगळ्यांनी पाहिला. त्यांच्या पत्नीने मला बाहेर थांबवून एकच विचारले होते, "सिस्टर, हे नळी दुसऱ्या कोणाले लावली तं नाही ना?" मी नाही म्हणाले, आणि ते खरे होते.

काम संपल्यावर सरांनी, म्हणजे त्याच वरिष्ठ डॉक्टरांनी, तो स्कोप बेसिनमध्ये ठेवायला लावला आणि म्हणाले, "धुऊन वायूत टाका, मंगळवारच्या पेशंटला वापरू. चौदा वर्षे स्कोप धुता, हा का धुता येणार नाही?" मंगळवारच्या रुग्णाकडूनही नव्या स्कोपचेच पैसे घेतले जाणार होते, हे मला स्टोअरच्या वहीवरून माहीत होते. तरीही मी आधी प्रामाणिकपणे धुऊन पाहिला. त्याचा चॅनेल जेमतेम १.२ मिलिमीटरचा, माझ्याकडचा सर्वांत बारीक ब्रशही त्यात जाईना. गळती तपासायला जोडणी नव्हती आणि स्कोपची हातात धरायची मूठ पाण्यात बुडवण्यासाठी बनवलेलीच नव्हती. मी सिरिंजने एन्झाइमचे द्रावण पुनःपुन्हा सोडले, इतके की शेवटचे पाणी अगदी स्वच्छ येऊ लागले. मग ब्लेड घेऊन टोकापासून वीतभर अंतरावर नळी आडवी कापली आणि तो तुकडा उभा चिरला. आतल्या भिंतीला हिरवट तपकिरी चिकट थर होता आणि त्यात लेझरने फोडलेल्या खड्याची वाळूसारखी कच रुतलेली होती. तो तुकडा पांढऱ्या गॉजवर ठेवून मी सरांच्या टेबलावर नेला. त्यांनी तो पाहिला आणि महागडी वस्तू विनापरवानगी कापल्याबद्दल माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. पुढच्या महिन्यात माझी नेमणूक वॉर्डात झाली.

त्या सरांचे म्हणणे होते की गरिबांच्या भागात एवढा काटेकोरपणा परवडत नाही. मी तेव्हाही म्हणाले होते आणि आजही म्हणते की जो माणूस सोयाबीन विकून उपचाराला आला आहे, त्याला जंतुसंसर्ग होऊन दहा दिवस अतिदक्षता विभागात राहणे सर्वांत कमी परवडते. २०१५ साली अमेरिकेत, लॉस एंजेलिससारख्या शहरातील मोठ्या रुग्णालयातही, पित्तनलिकेसाठी तोंडावाटे घालायच्या स्कोपमधून औषधांना न जुमानणारे जंतू रुग्णांमध्ये पसरल्याचे उघड झाले होते, आणि ते स्कोप तर धुऊन वापरण्यासाठीच बनवलेले होते. मग जो धुण्यासाठी बनवलेलाच नाही, त्याची हमी कोण देणार? एकदाच वापरायचा स्कोप खरोखर एकदाच वापरणार असतील तर घ्या. रुग्णालयाकडे पुन्हा वापरण्यासाठी बनवलेला आणि वायूने निर्जंतुक केलेला स्कोप असेल तर तोही बिनधास्त घ्या. पण एकदाच वापरायचा स्कोप धुऊन वापरणे हा या तिन्हींपैकी सर्वांत वाईट पर्याय आहे, आणि स्वस्त मिळतो म्हणून तो मागणे म्हणजे आपल्याच माणसाला धोक्यात घालणे आहे.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. मी परिचारिका आहे, डॉक्टर नाही, आणि तुमच्या वडिलांचे अहवाल मी पाहिलेले नाहीत. पित्तनलिकेतील बहुतेक खडे तोंडावाटे ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून स्कोप पित्तनलिकेच्या तोंडापर्यंत नेऊन, निघतात. पूर्वी जठराची शस्त्रक्रिया झाल्याने तो मार्ग बदललेला असेल किंवा तो प्रयत्न फसला असेल, तर कातडीतून जाण्याचा विचार होतो. म्हणून खडे पित्तनलिकेत असतील, तर स्कोपच्या किमतीआधी डॉक्टरांना विचारा की ईआरसीपी का नको. शिवाय नवा स्कोप म्हणजे ताप येणारच नाही असे नाही, कारण साचलेल्या पित्तात रुग्णाचे स्वतःचे जंतू असतात आणि आत सलाईन जोराने सोडले की ते रक्तात जाऊ शकतात. त्यासाठी अँटिबायोटिक आधीच सुरू झाले आहे ना आणि नंतर नळी उघडी राहणार आहे ना, हे नक्की पाहा.

पैशांचे म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्रांना तारखेच्या आधी भेटा आणि स्कोप पॅकेजमध्ये धरला आहे की वेगळा, ते लिहून मागा. वेगळे पैसे भरावे लागलेच, तर पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, त्यावरचा लॉट नंबरचा स्टिकर वडिलांच्या फाइलला चिकटवून घ्या आणि काम झाल्यावर तो स्कोप कापून लाल पिशवीत टाकलेला तुम्हाला दाखवावा, अशी विनंती करा. हे तुम्हाला कोणी शिकवले, असे कोणी विचारले, तर यवतमाळच्या एका जुन्या इंचार्ज सिस्टरने, असे खुशाल सांगा.