चेंबर संगीताचा कठीण पार्ट वेळेआधी मिळवताना : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : चेंबर संगीताच्या, म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायच्या पाश्चात्य अभिजात संगीताच्या, एका निवासी शिबिरात मी व्हायोला (व्हायोलिनहून थोडे मोठे, खालच्या स्वराचे वाद्य) वाजवणार आहे. रचना ठरल्या आहेत, परंतु पार्ट (एकेका वाद्यापुरती छापील स्वरलिपी) पहिल्या दिवशीच देतात असे कळले. माझे वाचन संथ आहे. आधी मागितले तर संयोजकांना आवडेल का?

उत्तर : अवश्य मागावे, आणि त्यात संकोच बाळगू नये. पार्ट उशिरा वाटण्यामागे सहसा काही धोरण नसते; संच एकत्र ठेवणे सोयीचे असते आणि आधी कोणी विचारलेले नसते, एवढेच. काही शिबिरांचा हेतूच प्रथमवाचनाचा (आधी न पाहिलेली स्वरलिपी पाहताक्षणी वाजवण्याचा) सराव हा असतो. तसे असेल तर संयोजक स्पष्ट सांगतील आणि त्यात कोणाचाही अपमान नाही.

मात्र विचारणा नेमकी हवी. "नोटेशन पाठवा" एवढ्याने संयोजकाचे काम वाढते आणि उत्तर लांबते. रचनेचे नाव, ओपस क्रमांक (संगीतकाराच्या रचनांना दिलेला अनुक्रमांक), त्यातल्या कोणत्या मूव्हमेंट (रचनेचे स्वतंत्र खंड) घ्यायच्या आहेत आणि आपला पार्ट कोणता, हे एकाच पत्रात विचारावे. मेंडेल्सझोनच्या ऑक्टेटमध्ये (आठ वादकांच्या रचनेत) व्हायोला दोन आहेत. पहिला की दुसरा, हे न विचारता सराव सुरू करणारे वादक मी पाहिले आहेत. त्याच पत्रात कोणत्या प्रकाशकाची आवृत्ती वापरणार, हेही विचारावे. माझ्या मते हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याचे उत्तर मिळाले की पार्ट आपण स्वतःच मिळवू शकता आणि कोणाच्या सवडीवर अवलंबून राहावे लागत नाही.

प्रश्न : मी पियानो वाजवते. ब्राम्सचा ओपस ८ ट्रायो (तीन वादकांची रचना) वाजवायचा आहे. आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या ऑनलाइन संग्रहात त्याची प्रत विनामूल्य मिळाली. लगेच सुरुवात करू का?

उत्तर : त्याआधी सहवादकांना विचारावे की ओपस ८ चे कोणते रूप वाजवायचे आहे. ब्राम्सने हा ट्रायो विशीत लिहिला व तो १८५४ मध्ये छापला गेला. पुढे १८८९ मध्ये त्याने तो हाती घेऊन इतका बदलला की स्केर्झो ही वेगवान मूव्हमेंट वगळता बराचसा भाग नव्याने रचला गेला. दोन्ही रूपांवर ओपस ८ असेच छापलेले असते. आज बहुतेक ठिकाणी दुसरे रूप वाजवले जाते, परंतु ते गृहीत धरून कित्येक आठवडे चुकीच्या रूपावर मेहनत करण्यापेक्षा एक प्रश्न विचारलेला बरा.

रूप ठरले तरी आवृत्तीचा प्रश्न उरतोच. २००६ मध्ये सुरू झालेल्या आयएमएसएलपीच्या संग्रहात प्रामुख्याने हक्क संपलेल्या जुन्या छापील प्रतींची छायांकने आहेत. त्यांतल्या अनेकांत बारचे (उभ्या रेघांनी पाडलेल्या तालाच्या छोट्या भागांचे) क्रमांक नसतात, आणि काहींत संपादकाने स्वतःचे स्लर (स्वर जोडणाऱ्या कमानी), बोटांचे क्रमांक व बलाबलाच्या खुणा मूळ खुणांत अशा मिसळलेल्या असतात की ब्राम्सचे काय आणि संपादकाचे काय, ते कळत नाही. हेन्ले किंवा बेरनरायटर या प्रकाशकांच्या ऊर्टेक्स्ट (संगीतकाराच्या मूळ लेखनाला धरून केलेल्या) आवृत्त्या हा घोळ कमी करण्यासाठीच निघाल्या. तिघांच्या पुढ्यात तीन आवृत्त्या असल्या की तालमीचा निम्मा वेळ जागा शोधण्यात जातो. शुबर्टच्या ई-फ्लॅट ट्रायोमध्ये तर प्रश्न याहून गंभीर आहे : छपाईपूर्वी त्याने अंतिम मूव्हमेंटमधून सुमारे शंभर बार कमी केले, आणि काही आधुनिक आवृत्त्या ते परत देतात.

म्हणून विनामूल्य प्रतीवर बोटे बसवायला हरकत नाही, पण सांगीतिक वाक्यांची घडण पक्की करू नये. बार क्रमांक हाताने लिहून ठेवावेत. चेंबर संगीतात पियानोवादकाच्या प्रतीत इतरांच्या ओळी बहुधा बारीक अक्षरांत छापलेल्या असतात. या सोयीचा फायदा पहिल्या दिवसापासून घ्यावा.

प्रश्न : फ्रेंच संगीतकार मेसियांचे 'काळाच्या अंतासाठीचे क्वार्टेट' (चार वादकांची रचना) वाजवायचे आहे. मित्राने क्लॅरिनेटच्या पार्टचे फोटो पाठवू का, असे विचारले आहे.

उत्तर : नाही म्हणावे. मेसियांचे निधन १९९२ मध्ये झाले. जिथे हक्क निधनानंतर ७० वर्षे टिकतात, तिथे ही रचना २०६२ अखेरपर्यंत संरक्षित आहे. काही देशांत मुदत कमी असली तरी अजून ती संपलेली नाही. छापील संच विकत मिळतो. तो गटाने मिळून घ्यावा आणि आपला पार्ट आधी मागून घ्यावा, कारण तिसरी मूव्हमेंट एकट्या क्लॅरिनेटची आहे आणि तिचे प्रदीर्घ श्वास ऐनवेळी साधत नाहीत. सहाव्या मूव्हमेंटमध्ये चौघेही एकच सुरावट एकत्र वाजवतात व ताल सतत कमी-जास्त होतो. तिथे पूर्ण स्कोअर (सर्वांचे पार्ट एकत्र छापलेली प्रत) नसेल तर पार्ट असूनही उपयोग थोडा. हयात संगीतकाराची रचना असेल तर प्रकाशकाकडे किंवा थेट संगीतकाराकडे अवलोकनासाठी स्कोअर मागता येतो, आणि तो पुष्कळदा मिळतो.

प्रश्न : जुन्या चेलो पार्टमध्ये अचानक ट्रेबल क्लेफ (क्लेफ म्हणजे ओळींवरच्या स्वरांची उंची ठरवणारी खूण) येतो आणि स्वर फारच वर जातात. हे खरेच असे वाजवायचे?

उत्तर : बहुधा नाही. बेथोव्हेन, द्वोर्झाक यांच्या जुन्या छपाईत बास क्लेफनंतर थेट ट्रेबल क्लेफ आला तर एक सप्तक खाली वाजवण्याची प्रथा होती. टेनर क्लेफनंतर आला तर लिहिल्याप्रमाणे वाजवत. नवी आवृत्ती पडताळून पाहावी.

प्रश्न : इतके करूनही पार्ट फक्त दहा दिवस आधी मिळाला. काय करावे?

उत्तर : सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवत बसू नये. प्रथम स्कोअर पुढ्यात ठेवून ध्वनिमुद्रण ऐकावे व तीन गोष्टी पेन्सिलीने टिपाव्यात : आपण एकटे उघडे पडतो त्या जागा, आपण कोणाच्या सुरावर प्रवेश करतो त्या जागा आणि गती बदलते त्या जागा. संथ सराव एवढ्यापुरताच करावा. उरलेल्या वेगवान भागांत ठोक्यावरचे स्वर अचूक धरावेत, मधले काही सोडले तरी चालतील, आणि ते कोणते सोडणार हे आधीच ठरवावे. डिसेंबर १८४२ मध्ये संगीतकार रॉबर्ट शुमानची पत्नी, पियानोवादक क्लारा आजारी पडल्यावर मेंडेल्सझोनने शुमानच्या पियानो क्विंटेटचा (पाच वादकांच्या रचनेचा) अवघड पियानो पार्ट पहिल्याच वाचनात वाजवल्याचे सांगतात. परंतु तो मेंडेल्सझोन होता. आपण पहिल्या तालमीआधी सहवादकांना कळवावे की कोणती मूव्हमेंट कमी गतीने घ्यावी लागेल, म्हणजे तालमीचा क्रम त्याप्रमाणे लावता येईल.