पाणी कमी आहे असं ती बाई म्हणाली, स्लाइड तेव्हाच थांबायला हवी होती

भाऊ, तू मला माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा वाटतोस, म्हणून एकेरीत लिहिते. तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू हायवेवरच्या वॉटर पार्कात या उन्हाळ्यात कामाला लागलास. काल दुपारी तुझ्या स्लाइडवर नऊ वर्षांचा मुलगा खाली पोचून उठतच होता, तेवढ्यात मागून आलेल्या मोठ्या माणसाचे पाय त्याच्या डोक्याला लागले. टेंगूळ आलं, पोरगा रडला. मॅनेजरनं बर्फ दिला, दोन फुकट पास दिले आणि तुला सांगितलं, "रजिस्टरात लिहू नको, माफी मागू नको, केस होईल." त्याच्या अर्धा तास आधी एका बाईनं तुला म्हटलं होतं की स्लाइडमध्ये पाणी कमी येतंय. काय करायला हवं होतं, आणि मोठ्या पार्कांत अशा वेळी काय करतात, असं तू विचारलंस.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका पार्कात ११ हंगाम काढले. आधी गेटवर होते, मग लेडीज पूलची लाइफगार्ड झाले, आणि शेवटची ५ वर्षं सेफ्टी आणि फर्स्ट एड दोन्ही माझ्याकडे होतं.

बाकीचं नंतर वाच, आधी त्या मुलाच्या घरी फोन कर. लॉकरच्या वहीत नाव आणि मोबाइल नंबर असतो. डोक्याला मुका मार लागला की तेव्हा पोरगं हसत घरी जातं, पण त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होऊ शकतो. आईला विचार: परत परत उलट्या होताहेत का, नेहमीपेक्षा जास्त झोपतोय का, उठवलं तर नीट ओळखतो का, डोकेदुखी वाढतेय का, झटका आला का, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखं काही येतंय का, डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या सारख्या दिसतात का. यातलं एक जरी असलं तर गावच्या दवाखान्यात वेळ घालवू नका म्हणावं. १०८ ला फोन करून सीटी स्कॅन असेल तिथे न्यायचं. आपल्या भागात म्हणजे सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ किंवा नागपूरचं मेडिकल. हा फोन मॅनेजरला विचारून करायचा नसतो.

आता त्या बाईबद्दल. काल तुझ्याकडून सुटलं ते अपघाताच्या अर्धा तास आधी.

स्लाइडमधलं पाणी अंग घसरवतंही आणि दोन माणसांमधलं अंतरही सांभाळतं. पाण्याची धार कमी झाली की हलकं पोरगं वळणावर रेंगाळतं आणि मागचा जड माणूस त्याला गाठतो. वर उभं राहून लोकांना सोडणाऱ्या माणसाला हे दिसत नाही, तो आपल्या सवयीच्या वेळेवर पुढचा सोडतो. आपल्याकडे पाणी कमी होण्याचं कारण बहुतेक वेळा विजेचं असतं. मे महिन्यात दुपारी व्होल्टेज पडतं, पंप दमतो. लाइट गेली आणि जनरेटरनं भार घ्यायला थोडा जरी वेळ लावला, तर तेवढ्यात नळीत एखादा माणूस कोरडा अडकलेला असतो. आमच्याकडे नियम होता की लाइट लुकलुकली तरी वरच्यानं हात आडवा धरायचा. पाणी पुन्हा भरून आलं, खालच्यानं हात वर केला, की मगच पुढचा माणूस. खालच्याचा हातही स्लाइडच्या शेवटच्या पाण्यातून माणूस बाहेर पडून काठावर चढला की मगच वर जायचा, नुसता पाण्यात पडला म्हणून नाही. तुझा मुलगा "उठतच होता" असं तू लिहिलंस, म्हणजे खालून इशारा मिळायच्या आधीच वरून पुढचा सुटला होता. खाली कोणी होतं का, हे तू लिहिलं नाहीस. मला वाटतं नव्हतं. चहाला गेला असेल, नाहीतर गर्दी म्हणून त्याला दुसरीकडे लावलं असेल. दोन माणसं नसतील तर स्लाइड बंद ठेवायची. माझ्या मते यात तडजोड नाही, मग रविवार असो की शाळेची सहल आलेली असो.

पाहुण्यांनी दिलेली सूचना आपण तक्रार समजतो आणि तिथेच चुकतो. माझ्या तिसऱ्या हंगामात आमच्याकडे छोटा आकाशपाळणाही होता. आर्वीकडची एक म्हातारी नातवंडांना घेऊन आली होती. पाळण्यातून उतरली आणि मला म्हणाली, "बाई, तुह्या पायन्याचा आवाज बरोबर नाही. आमच्या बंडीचा आख असाच बोंबलते, मंग चाक निंघते." मी पाळणा थांबवला. रांगेत साठ-सत्तर माणसं उन्हात उभी होती, मालक चिडले. मेकॅनिकनं पाहिलं तर एका टोपलीच्या पिनेची चिमटी गळून पडलेली आणि पिन अर्धी बाहेर आलेली. त्या बाईनं आयुष्यभर बैलबंडी ऐकली होती, तिचा कान आमच्या तपासणीच्या यादीपेक्षा तयार होता. पंप, बेअरिंग, दोर, रहाट यांच्यासोबत जगलेली माणसं आपल्याकडे पाहुणे म्हणून येतात. ती काही बोलली तर आधी थांबव, मग तपास. काही निघालं नाही तरी तिला जाऊन सांग, "मावशी, पाहिलं, ठीक आहे." पुढच्या वेळी ती पुन्हा बोलेल.

मोठ्या पार्कांचं विचारलंस. डिस्नेच्या पार्कांत नोकरीच्या सुरुवातीलाच कामाचा क्रम शिकवतात. सुरक्षा सगळ्यात आधी, सौजन्य आणि देखावा त्यानंतर, आणि वेग शेवटी. दोन गोष्टींत ओढाताण झाली की आधीची जिंकते. तुझ्या मॅनेजरनं काल रांग पहिली ठेवली.

पण मोठं नाव असलं म्हणजे सगळं नीट चालतं, असंही नाही. २ जून २०१५ ला इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स पार्कात स्मायलर नावाच्या रोलरकोस्टरवर अपघात झाला. रुळावर एक रिकामी गाडी अडकली होती. यंत्रणेनं ते ओळखलं आणि १६ जणांची मागची गाडी आपोआप थांबवून धरली. कर्मचाऱ्यांना वाटलं, यंत्रणाच चुकतेय. त्यांनी तो थांबा हातानं मोडून गाडी सोडली, ती रिकाम्या गाडीवर जाऊन आदळली. दोन तरुण मुलींचा एकेक पाय कापावा लागला. २०१६ मध्ये न्यायालयानं कंपनीला ५० लाख पौंड दंड केला. तपासात बोट मुख्यतः व्यवस्थेकडे गेलं, कारण बिघाड आल्यावर कोणी काय करायचं हे नीट ठरवलेलंच नव्हतं. तुझी स्लाइड आणि तो कोस्टर यांची तुलना होत नाही, पण थांब्याचा इशारा मिळूनही पुढचा माणूस सोडणं दोन्हीकडे एकच आहे.

तुमच्याकडे गो-कार्ट असेल तर तिथेही लक्ष ठेव. फेब्रुवारी २०१८ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला गो-कार्टमध्ये केस अडकून एका तरुण आईचा जीव गेला. आपल्याकडे ओढणी, मोकळी वेणी, पदर सगळंच असतं. बाईला अंबाडा बांधून केस टोपीत घ्यायला सांगायचं, ओढणी लॉकरमध्ये ठेवायला लावायची. हे सांगायला बाईमाणूसच उभी कर. पुरुषानं सांगितलं तर त्या लाजतात आणि तशाच बसतात.

आता प्रत्यक्ष अपघाताच्या वेळेचं. आमच्याकडे चौघांची कामं आधीच वाटलेली असायची, म्हणून "तू जा, नाही तू जा" असं व्हायचं नाही. जो सगळ्यात जवळ, त्यानं जखमीजवळ बसायचं आणि तिथून हलायचं नाही. दुसऱ्यानं स्लाइड थांबवून लोक मागे सारायचे. तिसऱ्यानं १०८ लावायचा. चौथ्यानं मोटरसायकल घेऊन फाट्यावर जाऊन उभं राहायचं. हे चौथं काम शहरातल्या पार्काला लागत नाही, आपल्याला लागतं. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला हायवेवरून आपलं वळण सापडत नाही, तो पुढच्या गावापर्यंत जाऊन परत येतो. मान किंवा पाठ दुखते असं कोणी म्हणालं, किंवा हातपाय मुंग्या आल्यासारखे वाटतात म्हणालं, तर त्याला बसवायचं नाही, ओढायचं नाही. डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरायचं आणि स्पाइन बोर्ड (पाठ-मान सरळ ठेवून उचलायची फळी) येईपर्यंत तसंच ठेवायचं.

बुडण्याचं वेगळं लिहिते, कारण यात लोक हमखास चुकतात. बुडणारा माणूस ओरडत नाही. तोंड पाण्याखाली-वर होतं, हात बाजूला पाण्यावर दाबले जातात आणि २० ते ६० सेकंदांत तो खाली जातो. शेजारी उभ्या बापाला वाटतं, पोरगं खेळतंय. म्हणून लाइफगार्डांना १०-२० चा नियम शिकवतात: १० सेकंदांत आपल्या वाट्याचं सगळं पाणी नजरेखालून घालायचं आणि अडचणीतल्यापर्यंत २० सेकंदांत पोचायचं. हातात मोबाइल असला की हे होत नाही. बाहेर काढल्यावर गर्दीतला कोणीतरी "उलटा धरा, पोट दाबा, पाणी काढा" म्हणतो. ते करू द्यायचं नाही. त्यात वेळ जातो, आणि पोटातलं फुफ्फुसात जायची भीती असते. श्वास नसेल तर आधी तोंडानं श्वास, मग छातीवर दाब. मोठ्या माणसाला मिनिटाला १०० ते १२० च्या गतीनं ३० दाब आणि २ श्वास, मदत येईपर्यंत. फिट आलेल्याला चप्पल किंवा कांदा हुंगवणं, तोंडात चमचा घालणं, बेशुद्ध माणसाला पाणी पाजणं, हेही असंच थांबवायचं. मायेनं धावून आलेल्या माणसावर ओरडू नको, त्याला काम दे. "काका, तेवढी सावली धरा" म्हटलं की काका चादर धरून उभा राहतो.

अजून एक गोष्ट मी कुठल्याही ट्रेनिंगमध्ये ऐकली नाही, कामात शिकले. एका मुलाला घेऊन त्याची आई ओल्या नायलॉनच्या कॉश्च्यूममध्ये, अनवाणी अँब्युलन्समध्ये बसली. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती बाई तीन तास तशीच अंग चोरून उभी होती. डॉक्टरांनी विचारलेलंही तिला धड सांगता येत नव्हतं. त्यानंतर मी फर्स्ट एडच्या खोलीत कायम दोन कोरड्या साड्या, दोन चादरी आणि चपलांचे चार जोड ठेवले. लॉकरमधलं सामान, मोबाइल आणि पैसे पाठोपाठ पोचवायला एक माणूस पाठवायचे. तुमच्याकडे हे नसेल तर सुरू कर, खर्च काहीच नाही.

माफीबद्दल. "तुमच्या पोराला लागलं, मला फार वाईट वाटतं, मी इथेच आहे" हे म्हणणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नाही. ते बिनधास्त म्हण, आणि मनापासून म्हण. कोणाची चूक, कशानं झालं, याचा अंदाज मात्र तिथे बोलू नको. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांग. आणि "तुमचं लक्ष कुठे होतं?" हे वाक्य कधीच तोंडातून जाऊ देऊ नको. मी एकदा ते म्हटलं होतं. त्या बापाचा चेहरा अजून आठवतो.

रजिस्टरात आजच लिही. तुझी वेळ, वर कोण, खाली कोण, पाणी किती, लाइट कधी गेली, ती बाई काय म्हणाली आणि किती वाजता, मुलाला कुठे लागलं, काय उपचार केला. रजिस्टर देत नसतील तर साध्या कागदावर तारीख टाकून लिही, सही कर, फोटो काढून ठेव. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, तेही जपून ठेवा असं व्हॉट्सॲपवर लेखी सांग. न लिहिल्यानं केस टळत नाही. तिकिटावर "स्वतःच्या जबाबदारीवर" छापलं म्हणून पार्क सुटत नाही. तिकीट घेणारा ग्राहक असतो, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तो दोन वर्षांपर्यंत जिल्हा आयोगात जाऊ शकतो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फीही लागत नाही. निष्काळजीपणानं इजा झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ आहे, जीव गेला तर कलम १०६. तेव्हा पोलीस पहिला प्रश्न विचारतात, "स्लाइडवर कोण होतं?" तिथे तुझं नाव येतं, मॅनेजरचं नाही. पाणी कमी असल्याचं तू वर कळवलं होतंस की नाही, हे सांगणारा कागद तुझ्याजवळ असायला हवा. आणि कळवलं नसशील तर तेही खरं लिही.

मॅनेजरशी भांडू नको. हंगामाचा पगार घरी लागतो हे मला कळतं, मीही त्याच पगारावर घर चालवलं आहे. उद्या सकाळी गेट उघडण्याआधी दोनच गोष्टी माग: खाली कायम एक माणूस, आणि वर उभ्या असलेल्याला कोणालाही न विचारता स्लाइड थांबवायची मोकळीक. दोन्ही नाकारल्या तर किमान दुसरी तू स्वतःच घे. हात आडवा धर आणि "पाणी भरतंय, दोन मिनिटं" म्हण. रांगेतले लोक कुरकुरतात, पण कारण सांगितलं की थांबतात.

आणि त्या मुलाच्या आईशी बोलणं झालं की तो कसा आहे ते इथेच लिही. रात्री कितीही वाजता लिहिलंस तरी मी बघेन.