स्वामित्वहक्क, एकस्व की सरळ पेटंट?

सांगलीच्या एका शिक्षिकांनी नववीतल्या मुलाच्या निबंधातलं वाक्य पाठवलंय: ‘अँड्रॉइड मुक्त स्रोत असले तरी त्याचे स्वामित्वहक्क मायक्रोसॉफ्टकडे असल्याने फोन कंपन्या तिला पैसे देतात.’ इथे ‘स्वामित्वहक्क’ चालेल की ‘एकस्व’ लिहायला सांगू, असं त्या विचारतात. शिवाय मुक्त आहे तर हक्क कसला, हेही.

मॅडम, ‘स्वामित्वहक्क’ आधी खोडा. वर्तमानपत्रं हा शब्द कॉपीराइटलाही वापरतात आणि पेटंटलाही, सगळा घोळ तिथून सुरू होतो. स्वामी म्हणजे धनी. वाक्य वाचून वाटतं, अँड्रॉइडचा धनी मायक्रोसॉफ्ट. तसं मुळीच नाही. कॉपीराइट असतो लिहिलेल्या कोडवर, आणि अँड्रॉइडचा कोड मुक्त परवान्याखाली आहे, म्हणजे कुणीही घ्यावा, बदलावा, वापरावा. पेटंट असतं युक्तीवर. तुम्ही कुणाचं न बघता ओळ न् ओळ स्वतः लिहिलीत, तरी आतली युक्ती तीच निघाली तर पेटंटवाला अडवू शकतो. म्हणजे हा मालकीपेक्षा मनाईचा हक्क.

मुलाला फाइलच्या नावाचं उदाहरण द्या. विंडोजच्या आधीच्या डॉस या संगणक प्रणालीत फाइलचं नाव आठ अक्षरांचं असायचं, टिंबापुढे आणखी तीन. विंडोज ९५ने लांब नावं आणली, पण जुन्या प्रोग्रॅमनाही फाइल सापडायला हवी म्हणून एकाच फाइलची दोन नावं डिस्कवर ठेवली, एक लांब नि एक आखूड. पाळण्यातलं नाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं, तसंच. या दोन नावांच्या युक्तीवर मायक्रोसॉफ्टची पेटंटं होती. कॅमेऱ्या-फोनातली मेमरी कार्डं याच पद्धतीची, त्यामुळे कार्ड काढून संगणकात घातल्यावर चालायला हवं तर ती टाळणं अवघड. अँड्रॉइड ज्या मुक्त प्रणालीवर उभं आहे त्या लिनक्सच्या लोकांनी त्यासाठीचा कोड स्वतः लिहिला होता. तरी २००९ मध्ये टॉमटॉम या रस्ता दाखवणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीवर, तिच्या लिनक्सच्या वापरावरून, मायक्रोसॉफ्टचा दावा पडला आणि महिना-सव्वा महिन्यात तिने पैसे देऊन मिटवलं. त्याच वर्षी लिनक्सवाल्यांपैकी एकाने पळवाट काढली: दोन्ही नावं एकदम लिहायचीच नाहीत, एक काय ते ठेवायचं! पुढे अँड्रॉइड फोन बनवणाऱ्या एचटीसीने २०१० मध्ये आणि सॅमसंगने २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टशी पेटंटचे करार केले. निबंधातल्या ‘पैसे देतात’चा उगम हा. पण २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्ट स्वतःच लिनक्सच्या बचावासाठी असलेल्या ओपन इन्व्हेन्शन नेटवर्कमध्ये सामील झाली, सुमारे ६० हजार पेटंटं घेऊन. तिथले सदस्य आपली पेटंटं लिनक्सविरुद्ध न वापरण्याचं कबूल करतात. तेव्हा वर्तमानकाळही बदलायला हवा.

आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्यात, कलम ३(के) मध्ये, संगणक प्रोग्रॅम ‘पर से’, म्हणजे निव्वळ प्रोग्रॅम म्हणून, शोधात धरलेला नाही. त्या ‘निव्वळ’वर किती वकिलांचे संसार चालतात, विचारू नका.

आता ‘एकस्व’. हा शब्द वाईच्या विश्वकोशातल्या विज्ञानाच्या नोंदींत सतत भेटतो, बहुतेकदा कंसात पेटंट घेऊन. ‘सर्वस्व’मधलं जे ‘स्व’, तेच इथलं. स्व म्हणजे धन, आपलं असलेलं. घडण देखणी आहे, पण एकट्याने बाहेर पडायला हा शब्द अजून धजत नाही, कंस सोबत लागतो. मला विचाराल तर अर्थाने ‘मक्ता’ जास्त जवळचा. ठरावीक मुदतीपुरता, सरकारने दिलेला, इतरांना आत न येऊ देणारा. पेटंटही वीस वर्षांचंच. पण मक्ता म्हटलं की लोकांना जकातनाका आठवतो.

गंमत म्हणजे पेटंटचं लॅटिन मूळ ‘उघडं असणं’ असं आहे. राजाचं जे पत्र मोहोर न फोडता कुणालाही वाचता यावं, ते पेटंट. मुक्त स्रोताच्या वाटेत आडवा येणारा शब्द मुळात ‘खुला’!

बोलीत तर तो कधीच मराठी झालाय. ‘बस चुकली’ हे उशिरा येणाऱ्याचं पेटंट उत्तर असतं. मात्र सांगलीत एक चूक कानावर येते, ‘आपल्या हळदीला पेटंट मिळालं.’ २०१८ मध्ये मिळालं ते भौगोलिक मानांकन. ते त्या भागाच्या मालाचं, एकट्यादुकट्याचं नव्हे. हळदीचं खरं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये, जखमेवर हळद लावण्यासाठी दिलं गेलं होतं. आपल्या सीएसआयआर या सरकारी विज्ञान संशोधन संस्थेने हरकत घेतल्यावर १९९७ मध्ये ते रद्द झालं. आपल्या आज्या जखमेवर लावत आल्या तेच, त्यात नवं काय, हाच मुद्दा होता.

तर वाक्य असं करायला सांगा: ‘अँड्रॉइड मुक्त स्रोत असले तरी त्यातल्या काही युक्त्यांवर मायक्रोसॉफ्टने पेटंट सांगितल्याने काही फोन कंपन्यांनी तिच्याशी करार केले.’ एकस्व लिहिलं तरी मार्क कापू नका.