उतरवलेले व्हिडिओ अडखळत चालतात आणि सबटायटल्स दिसत नाहीत, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नेटवरून उतरवलेल्या काही फाइली जुन्या लॅपटॉपवर अडखळत चालतात, आवाज मात्र सलग येतो. सबटायटल्स अजिबात दिसत नाहीत. आणि तीच फाइल मोबाइलवर टाकली तर चित्र सुरळीत चालतं. निम्मं उत्तर या शेवटच्या वाक्यातच आहे.

मोबाइलवर चालते म्हणजे फाइल धड आहे. ती पुन्हा पुन्हा डाउनलोड करण्यात वेळ घालवू नका. आणि असल्या प्रश्नावर कोणी ना कोणी सुचवतंच तो ‘कोडेक पॅक’ही, म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या डिकोडरांचा गठ्ठा, इन्स्टॉल करू नका. व्हीएलसी किंवा एमपीव्हीसारखे प्लेअर लागणारे जवळजवळ सगळे डिकोडर स्वतःबरोबरच घेऊन येतात, बाहेरून विंडोजमध्ये आणखी काही कोंबल्याने त्यांना काडीचाही फरक पडत नाही. एखादा व्हिडिओच ‘हा बघायला आमचा खास प्लेअर घ्या’ असं सांगत असेल तर तो सरळ डिलीट करा.

आधी फाइलच्या पोटात काय आहे ते बघा. एमकेव्ही, एमपी४ हे नुसते डबे आहेत. आत चित्र कोणत्या कोडेकमध्ये, म्हणजे दाबून साठवण्याच्या कोणत्या पद्धतीत, आहे, आवाज कोणत्या, सबटायटल्सचे ट्रॅक आहेत की नाहीत, हे नावाच्या शेपटीवरून कळत नाही. व्हीएलसीमध्ये व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि जे दाबा, कोडेकची सगळी माहिती उघडते. आणखी तपशील हवा असेल तर मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे.

तुमच्या फाइलींत बहुधा एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, निघेल. शेजारी ‘१० बिट’ (रंगांच्या छटा नेहमीच्या ८ बिटपेक्षा बारकाईने साठवलेल्या) असंही लिहिलेलं असण्याची दाट शक्यता आहे. जुना एच.२६४ हा २००३चा, एचईव्हीसी २०१३चा, त्याहून नवा एव्ही१ २०१८चा. प्रत्येक नवा कोडेक तेवढ्याच दर्जाचं चित्र आणखी कमी जागेत बसवतो, पण ते उलगडायला जास्त आकडेमोड लागते. म्हणूनच लोक चक्रावतात: दोन जीबीची जुनी फाइल लोण्यासारखी चालते आणि सातशे एमबीची नवी फाइल लॅपटॉपला घाम फोडते. फाइल लहान म्हणजे चालवायला हलकी, असं इथे नसतं.

हे उलगडण्याचं काम ग्राफिक्स चिपमधला वेगळा भाग करू शकतो, पण त्या चिपला तो कोडेक येत असेल तरच. इंटेलच्या बाबतीत ८ बिट एचईव्हीसी सहाव्या पिढीपासून, म्हणजे २०१५पासून, १० बिट सातव्या पिढीपासून आणि एव्ही१ अकराव्या पिढीपासून. त्याआधीच्या लॅपटॉपमध्ये सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो आणि तो मागे पडला की प्लेअर चित्रातल्या फ्रेम गाळत जातो. आवाजाचं काम अगदी किरकोळ असल्याने तो सलग चालू राहतो. तुमच्या मोबाइलच्या चिपमध्ये ही सोय आहे, लॅपटॉपमध्ये बहुधा नाही किंवा बंद पडली आहे. एच.२६४ असूनही १० बिट असेल तर तो आणखी विचित्र प्रकार, कारण तो बहुतेक ग्राफिक्स कार्डांना येतच नाही, नव्यांनासुद्धा.

खात्री करणं सोपं आहे. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जीपीयू निवडा, तिथे ‘व्हिडिओ डिकोड’ असा आलेख असतो. व्हिडिओ चालू असताना तो शून्यावर झोपलेला आणि सीपीयू शंभराला टेकलेला दिसला, तर निदान झालं. व्हीएलसीच्या त्याच कोडेक खिडकीत आकडेवारीचा टॅब आहे. तिथे गाळलेल्या फ्रेमची संख्या वाढत जाताना दिसेल. एमपीव्हीमध्ये यासाठी आय दाबायचं.

आता उपाय. व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये इनपुट आणि कोडेक्स या भागात ‘हार्डवेअर-ॲक्सिलरेटेड डिकोडिंग’ आहे, ते ऑटोमॅटिकवर ठेवा आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या किंवा चिप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून ताजा करा. उलट चित्रात हिरवे चौकोन किंवा पट्टे येत असतील तर तीच सोय बंद करून बघा, कधीकधी ड्रायव्हरच घोळ घालतो. लॅपटॉप बॅटरी सेव्हरवर नसावा, ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट मी नेहमी आधी विचारतो. एवढं करूनही व्हीएलसी अडखळत असेल तर एमपीव्ही वापरून बघा, जुन्या मशीनवर तो मला जास्त चपळ वाटतो.

चिपलाच कोडेक येत नसेल तर सेटिंगशी झटापट करून फार काही हाती लागणार नाही. त्याच व्हिडिओची एच.२६४, ८ बिट, १०८०पी आवृत्ती मिळत असेल तर ती घ्या. नसेल तर हँडब्रेक या सॉफ्टवेअरने स्वतः रूपांतर करा. जुन्या लॅपटॉपवर याला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. मात्र हँडब्रेकमध्ये सबटायटल्सचा टॅब उघडून हवे ते ट्रॅक हाताने निवडा, नाहीतर नवी फाइल सुरळीत चालेल आणि सबटायटल्स मात्र कायमची गेलेली असतील. मूळ फाइल तोवर डिलीट करू नका.

कॅशिंग, म्हणजे फाइलचा पुढचा भाग आधीच वाचून ठेवणं, वाढवा, असाही सल्ला तुम्हाला मिळेल. व्हीएलसीमध्ये तो सेटिंगमधून वाढवता येतो. पण त्याचा उपयोग फाइल संथ जागेवरून वाचली जात असेल तेव्हाच: मरगळलेला पेनड्राइव्ह, वायफायवरचा नेटवर्क ड्राइव्ह. तेव्हा चित्र आणि आवाज दोन्ही एकत्र थांबतात. तुमचं लक्षण ते नाही.

इतर कोणी हे वाचत असेल तर: व्हिडिओ दरवेळी त्याच जागी अडकत असेल तर फाइल खराब आहे. टॉरेंटने उतरवलेली असेल तर फाइलचा आकार पूर्ण दिसतो म्हणून फसू नका, बरेच क्लायंट, म्हणजे टॉरेंट उतरवणारी सॉफ्टवेअर, पूर्ण जागा आधीच अडवून ठेवतात. त्याऐवजी क्लायंटमधूनच पुन्हा तपासणी लावा. सुरुवातीला नीट आणि नंतर हळूहळू अडखळायला लागत असेल तर लॅपटॉप तापतोय, पंखा साफ करा. आणि कॅमेरा आडवा फिरतानाच एक ठरावीक हिसका जाणवत असेल, तर तो २४ फ्रेमचा व्हिडिओ ६० हर्ट्झच्या पडद्यावर बसवल्याचा परिणाम आहे. त्यात बिघाड काही नाही.

सबटायटल्सकडे येऊ. व्हीएलसीच्या सबटायटल मेनूत ‘सब ट्रॅक’ बघा. तिथे नावं असतील तर ट्रॅक आहे पण बंद आहे. निवडा, किंवा व्ही दाबत जा. ‘सब ट्रॅक’च फिक्कट पडलेलं असेल तर फाइलमध्ये सबटायटल्स नाहीतच. यात नवल नाही, कारण ऑनलाइन बघताना पडद्यावर दिसणारी सबटायटल्स बहुतेक ठिकाणी वेगळ्या फाइलमधून येत असतात. व्हिडिओ उतरवला म्हणजे तीही आली असं नाही. ती एसआरटी स्वरूपात, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, वेगळी मिळवा, व्हिडिओच्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि नाव अक्षरशः तेच द्या, फक्त शेपूट वेगळी. विंडोज शेपूट लपवतो, त्यामुळे नोटपॅडमध्ये सेव्ह केलेली फाइल प्रत्यक्षात ‘एसआरटी.टीएक्सटी’ झालेली असते आणि माणूस तासभर प्लेअरला शिव्या देत बसतो. एक्सप्लोररमध्ये फाइल नेम एक्स्टेन्शन्स दाखवायला सांगा म्हणजे खरं रूप दिसेल.

प्लेअर मात्र अद्ययावत ठेवा. २०१७मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं होतं की मुद्दाम बिघडवलेली सबटायटल फाइल व्हीएलसी, कोडी वगैरे प्लेअरच्या तेव्हाच्या आवृत्त्यांमधून थेट संगणकात शिरकाव करू शकते. त्या फटी बुजवल्या गेल्या, पण वर्षानुवर्षं अपडेट न केलेला प्लेअर वापरणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

मराठी किंवा हिंदी सबटायटल्स दिसतात पण कचरा दिसतो, अशीही तक्रार असते. प्रश्नचिन्हं किंवा विचित्र चिन्हं म्हणजे एन्कोडिंग चुकलंय: फाइल नोटपॅडमध्ये उघडा, अक्षरं तिथे नीट दिसत असतील तर यूटीएफ-८ निवडून पुन्हा सेव्ह करा. रिकामे चौकोन म्हणजे फॉन्टमध्ये देवनागरी नाही: व्हीएलसीच्या सबटायटल सेटिंगमध्ये निर्मला यूआय किंवा नोटो सॅन्स देवनागरी निवडा.

दोन्ही तक्रारी एकाच मुळातून येतात असंही कधीकधी होतं. ब्लू-रेवरून आलेली पीजीएस सबटायटल्स ही अक्षरं नसून चित्रं असतात. घरच्या मीडिया सर्व्हरवरून टीव्हीवर बघताना टीव्हीला ती येत नसतील तर सर्व्हर ती चित्रावर छापून सबंध व्हिडिओ जागच्या जागी नव्याने एन्कोड करायला घेतो. सबटायटल्स बंद केली की सुरळीत आणि लावली की अडखळतं, असं असेल तर हेच कारण. एसआरटी लावा, प्रश्न मिटतो.

शेवटी, सबटायटल्स मिळाली पण बोलण्याशी जुळत नाहीत, हे तुम्हाला लवकरच भेटेल. सगळीकडे सारखाच फरक असेल तर व्हीएलसीमध्ये जी आणि एच या कळांनी ५० मिलिसेकंदांच्या टप्प्याने ती अलीकडे-पलीकडे सरकवता येतात. फरक वाढत जात असेल तर या कळा दाबून काही होणार नाही. ती सबटायटल्स दुसऱ्या फ्रेम रेटच्या प्रतीसाठी बनवलेली आहेत. २५ फ्रेमची सबटायटल्स २३.९७६च्या व्हिडिओला लावली तर तासाभरात ती सुमारे अडीच मिनिटं पुढे पळालेली असतात. सबटायटल एडिट हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात फ्रेम रेट बदलायची सोय आहे: जुना २५, नवा २३.९७६ द्या आणि सेव्ह करा.