पंधरा वर्षांच्या मुलाला सशांच्या शिकारीसाठी पहिला लर्चर कोणत्या संकराचा घ्यावा?

तुम्ही इंग्लंडात खेड्यात राहता, मुलाकडे दोन फेरेट (बिळात सोडून ससे बाहेर काढायला पाळतात तो मुंगसासारखा लांबट छोटा प्राणी) आहेत, शेजारच्या शेतकऱ्याने मेंढ्यांच्या कुरणातले ससे धरायला परवानगी दिली आहे आणि कुणीतरी ग्रेहाउंड-सालुकीचं पिल्लू स्वस्तात देऊ करतंय, असं तुम्ही लिहिलंय. ते पिल्लू घेऊ नका. व्हिपेट आणि बेडलिंग्टन टेरिअर यांच्या संकरातली मादी शोधा, थोडं थांबावं लागलं तरी चालेल.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लर्चर ही जात नव्हे. ग्रेहाउंड किंवा व्हिपेटसारखा नजरेने पाठलाग करणारा वेगवान कुत्रा एका बाजूला आणि कॉली किंवा टेरिअरसारखा कामाचा कुत्रा दुसऱ्या बाजूला, अशा मिश्रणातून तो होतो. वेग एकाकडून, अक्कल आणि चिवटपणा दुसऱ्याकडून. ग्रेहाउंड-सालुकी म्हणजे दोन्हीकडे वेगच. त्याला इथले लोक लर्चर न म्हणता लाँगडॉग म्हणतात.

मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो, पण इथे रॅबिट आणि हेअर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हेअर मोठा, उघड्या रानात राहणारा, मैलभर पळवणारा. त्याच्यासाठी सालुकीचा दम लागतो. रॅबिट बिळात राहतो आणि चरायला आला तरी बिळापासून फार लांब जात नाही. कुत्र्याला मिळतात चार-पाच सेकंद. त्यात झटकन उसळी घेणं, सशाबरोबर वळणं आणि कुंपणाआधी थांबणं जमलं पाहिजे. लांब टांगांचा कुत्रा वेग पकडेपर्यंत ससा घरी पोचलेला असतो. शिवाय सालुकीचं रक्त स्वतःच्या मनाचं असतं, हाक मारली की येईलच असं नाही. 2004 च्या हंटिंग अ‍ॅक्टनुसार इंग्लंड-वेल्समध्ये जमीनमालकाच्या किंवा कसणाऱ्याच्या परवानगीने कुत्र्याकडून रॅबिट धरता येतो, हेअर मात्र नाही. हेअरमागच्या घुसखोरीच्या शिक्षा 2022 मध्ये आणखी कडक झाल्या आणि कोर्ट कुत्रा पाळायलाही मनाई करू शकतं. पोराच्या हाती असा कुत्रा द्यायचा, जो हेअर दिसला की कान बंद करून घेतो? मला ते पटत नाही.

माझी स्वतःची चूक सांगतो. मी श्रॉपशरमध्ये राहतो. इथली शेतं लहान, भोवती झुडपांची कुंपणं आणि त्यात काटेरी तार. माझा पहिला कुत्रा तीन चतुर्थांश ग्रेहाउंड होता. दिसायला देखणा, पळताना बघत राहावं असा. दुसऱ्याच हिवाळ्यात रात्री दिव्याच्या झोतात सशामागे सुटला आणि तारेत शिरला. छातीची कातडी हातभर फाटली. वाचला, पण नंतर तारेजवळ जायलाच घाबरायचा. दोष त्याचा नव्हता. त्या जमिनीवर तो वेग मी आणला होता.

व्हिपेट-बेडलिंग्टन खांद्याला साधारण अठरा ते वीस इंच भरतो. दोन्ही बाजूंनी उत्तर इंग्लंडच्या कामगार वस्त्यांतलं रक्त, बेडलिंग्टन हे तर नॉर्थम्बरलँडमधलं खाणीचं गाव. केस राठ असतात, त्यामुळे काटेरी झुडपात आणि पावसात नुसत्या व्हिपेटपेक्षा बरा टिकतो. नाक चालतं, आणि फेरेटवाल्याला तेच हवं असतं: कुठल्या बिळात ससा आहे ते कुत्रा वास घेऊन, मान तिरकी करून सांगतो. तसं सांगायला लागला की जाळी लावायचे निम्मे कष्ट वाचतात. दोष म्हणजे टेरिअरचा हट्ट, आणि काही पळताना भुंकतात. म्हणून आई-बाप दोघांनाही काम करताना पाहा, नुसते फोटो नकोत.

कॉलीचा संकर अनेक जण सुचवतील. हुशार असतो, पण मनाला फार लावून घेतो. पंधरा वर्षांचं पोर एकदा संतापून ओरडलं तर तो महिनाभर अंग चोरून वागेल. दुसरा कुत्रा म्हणून जरूर घ्या.

घेताना पिल्लू आईसोबत, तिच्याच घरी पाहा. सोळा वर्षांखालच्या मुलाला इथे प्राणी विकता येत नाही, तेव्हा व्यवहार आणि मायक्रोचिपची नोंद तुमच्या नावावर. बेडलिंग्टनमध्ये यकृतात तांबं साठण्याचा आनुवंशिक आजार आहे. दोन्ही पालकांकडून जनुक आलं तरच तो होतो. शुद्ध व्हिपेटशी पहिला संकर असेल तर काळजी नाही, पण आई-बाप दोघेही संकरित असतील तर तपासणीचा कागद मागा.

आता खरं काम. पहिले सहा महिने ससा विसरा. हाकेला येणं, आणलेली वस्तू हातात देणं, पिंजऱ्यातल्या फेरेटशेजारी शांत बसणं, आणि पट्ट्यावर बांधून मेंढ्यांमधून रोज फिरणं, एवढंच. मेंढ्यांचं सगळ्यात महत्त्वाचं. कळपामागे लागलेल्या कुत्र्याला शेतकरी गोळी घालू शकतो आणि कायदा बहुधा त्याच्या बाजूने असतो. वर्षाच्या आत उंच उड्या नकोत, हाडं कोवळी असतात. पहिला ससा दहा-अकरा महिन्यांनंतर, दिवसा, फेरेटने बाहेर काढलेला. रात्रीचा दिवा दुसऱ्या हिवाळ्यात. लवकर घाई केली की पिल्लू चार वेळा हरतं आणि मग मनापासून पळत नाही.

हंगाम ऑक्टोबर ते मार्च. तेव्हा खाजकुइलीसारखी बोचणारी नेटल्स वाळून बिळं दिसतात आणि बिळात पिल्लंही कमी असतात. मिक्सोमॅटोसिस झालेले, डोळे सुजलेले ससे दिसतील. हा रोग 1953 मध्ये ब्रिटनमध्ये आला आणि अजून आहे. कुत्र्याला तो होत नाही, पण अशा सशावर सराव करून घेऊ नका. मान मोडून लगेच सोडवा. ते कसं करायचं हे मुलाने पिल्लू येण्याआधी एखाद्या जाणत्याकडून शिकावं.

आपल्याकडे कुणी हे वाचून कारवान कुत्रा घेऊन माळावर जायच्या विचारात असेल तर थांबा. तिथला ससा हेअरच आहे आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याची शिकार गुन्हा आहे.

एक राहिलं. सोडताना गळ्यात पट्टा ठेवू नका, तारेत अडकतो. सरकदोरी, म्हणजे एक टोक सोडलं की गळ्यातून निघून येणारी दोरी, वापरा, आणि ती मुलाच्या खिशात कायम असू द्या.